मेमरी मोकळी असून "मेमरी नाही" म्हणायलंय! कर्नलची मर्यादा नेमकी कशावर असते?

आडतखाता (लातूर) – सोमवार, रात्री ९.४०

राम राम मंडळी. मोंढ्यातल्या एका आडत दुकानात मी कॉम्प्युटरचं सगळं बघतो. पगार हिशेबनिसाचा, काम सर्व्हरवाल्याचं. मशीन साधीच हाय: ८ जीबी रॅम, एसएसडी, उबंटू डेस्कटॉप. त्यावर पोस्टग्रेस (डेटाबेस) आणि जावातला हिशेबाचा प्रोग्रॅम. शेतकऱ्याची पट्टी, हमाली, तोलाई सगळं त्यातूनच निघतं. स्वॅप (रॅम भरली की पानं ठेवायची डिस्कवरची जागा) नाही. ज्यानं मशीन बसवली त्यानं "एसएसडी झिजते" म्हणून काढून टाकली.

दसऱ्यानंतर सोयाबीनची आवक वाढली आणि दुपारी पट्ट्या काढायच्या ऐन टायमाला पोस्टग्रेस बसायला लागलं. लॉगात "आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस" आणि पुढं पोस्टग्रेसचं नाव. एक मेलं की सगळे काउंटर एकदम अडकतात. बाहेर टेम्पोची रांग, आत शेठजी.

नेटवर वाचलं की व्हीएम.ओव्हरकमिट_मेमरी या सेटिंगला २ केलं की कर्नल (सिस्टमचा गाभा) कुणाला मारत नाही. काल रात्री तसं करून मशीन रीबूट केली. आता जावा चालूच होईना, म्हणतंय मेमरी अपुरी. टर्मिनलात साधी आज्ञा दिली तरी "बॅश: फोर्क: कॅनॉट अलोकेट मेमरी". आणि फ्री ही आज्ञा मारून बघितलं तर ५ जीबीच्या वर मोकळी! मोकळी असून नाही म्हणायलंय. काय भानगड हाय?

कोरडवाहू (बीड) – ९.५२

पीक विम्यासारखं झालंय दादा. यादीत नाव आहे, खात्यात पैसे नाहीत.

गोदाकाठचा (नांदेड) – १०.०५

दादा, प्रॉक खालच्या मेमइन्फो फाइलमधल्या चार ओळी इथं टाका: मेमटोटल, मेमअव्हेलेबल, कमिटलिमिट आणि कमिटेड_एएस. टर्मिनल चालत नसेल तर आधी ब्राउझर बंद करा, तेवढ्यात जागा होईल. आणि पोस्टग्रेसचं शेअर्ड_बफर्स (त्याची सामायिक मेमरी) किती आहे, जावाला एक्सएमएस–एक्सएमएक्स (हीपची, म्हणजे तिच्या डेटाच्या जागेची, सुरुवात आणि कमाल) किती दिलंय, तेही सांगा.

आडतखाता – १०.२१

ब्राउझर बंद केल्यावर चाललं! ते मुनीमजींचं असतंय, दिवसभर भजनं लावून ठेवतात. आकडे हे, ब्राउझर बंद करायच्या आधी मोबाइलवर काढलेल्या फोटोवरून:

मेमटोटल ७९८८४१२ केबी
मेमअव्हेलेबल ५३४०९७६ केबी
कमिटलिमिट ३९९४२०४ केबी
कमिटेड_एएस ३८७१६६० केबी

शेअर्ड_बफर्स २ जीबी. जावाला दोन्ही ३ जीबी.

गोदाकाठचा – १०.४८

मग सरळ आहे. तुम्ही मोकळी रॅम बघताय आणि कर्नल त्याच्या वहीतली उधारी बघतोय.

एखादा प्रोग्रॅम "मला ३ जीबी दे" म्हणतो तेव्हा कर्नल खरी रॅम देतच नाही, फक्त "दिली" असं लिहून ठेवतो. प्रोग्रॅम एकेका पानाला (४ केबीचं एक पान) पहिल्यांदा हात लावेल तेव्हा खरं पान मिळतं. बरेच प्रोग्रॅम मागतात ढीगभर आणि वापरतात चिमूटभर, म्हणून कर्नल रॅमपेक्षा जास्त वचनं देऊन मोकळा होतो. हाच ओव्हरकमिट.

आता तुमची सेटिंग. मूळची किंमत ० असते. तिच्यात कर्नल अंदाजानं चालतो. एकाच मागणीत उघडउघड अशक्य आकडा मागितला तरच नाही म्हणतो. १ म्हणजे कुणालाच नाही म्हणायचं नाही. २ म्हणजे वचनांची बेरीज एका ठरलेल्या आकड्यापुढं जाऊच द्यायची नाही. हा आकडा म्हणजे तुमचं कमिटलिमिट. तो असा निघतो: रॅमचे ओव्हरकमिट_रेशो इतके टक्के, अधिक सगळी स्वॅप. (ह्यूजपेजेस, म्हणजे मोठ्या आकाराची पानं, राखून ठेवली असतील तर ती रॅममधून आधी वजा होतात, तुमच्याकडं नाहीत.) रेशो न बदलता ५० असतो. तुमची स्वॅप शून्य. मग ७९८८४१२ चे निम्मे करा, जवळपास ३९९४२०४ येतात का बघा (कर्नल अख्ख्या पानांत मोजतो, म्हणून दोन केबीचा फरक).

म्हणजे ८ जीबीची मशीन तुम्ही स्वतःच्या हातानं ४ जीबीची केलीत. पोस्टग्रेसनं सुरू होतानाच २ जीबीचं वचन घेतलं, डेस्कटॉप आणि भजनांनी उरलेलं घेतलं. जावा ३ जीबी मागायला आली तेव्हा वहीत शंभरेक एमबीच शिल्लक होते. पोस्टग्रेसनं त्या २ जीबीला अजून हातही लावलेला नाही, म्हणून फ्रीमध्ये ५ जीबी मोकळी दिसते. दोन्ही आकडे खरेच आहेत, दोन वेगळ्या गोष्टींचे आहेत इतकंच.

आज रात्री काहीही करण्याआधी ती किंमत परत ० करा. सिसकंट्रोल.डी मध्ये फाइल केली असेल तर तिच्यातही बदला, नाहीतर सकाळी रीबूट झाल्यावर पुन्हा तेच.

आडतखाता – ११.०२

केलं. जावा उठली. तुमच्या घरी लक्ष्मी नांदो. पण आता दुपारी परत पोस्टग्रेस मरणार, ते राहिलंच की.

जुगाडू (जालना) – ११.१०

इतकं कशाला? दर दहा मिनिटाला क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप आज्ञा चालवतं ते) ड्रॉप_कॅशेसमध्ये ३ टाकून कॅश रिकामी करायची. रॅम चकाचक. आमच्या चार गिऱ्हाइकांकडं लावलंय.

गोदाकाठचा – ११.१५

जुगाडूभाऊ, ते काढून टाका. कॅश ही फायलींची उचललेली पानं असतात आणि गरज पडली की कर्नल ती आपोआप सोडतो. त्यांच्यामुळं कुणी मरत नाही. दर दहा मिनिटाला झाडून टाकली की तीच पानं पुन्हा डिस्कवरून आणावी लागतात. पोस्टग्रेसवाल्या मशीनवर तर हे म्हणजे धुतलेली भांडी परत खरकटी करून पुन्हा धुणं झालं.

जुगाडू – ११.१७

गिऱ्हाइकाला फ्रीमध्ये मोठा आकडा दिसला की बरं वाटतं हो.

कोरडवाहू – ११.३०

मला हे असं कळलं, चुकलं तर सांगा. जायकवाडीत पाणी किती ही रॅम. कालव्याच्या टेलपर्यंत किती पाळ्या कबूल केल्यात ते कमिटेड_एएस. नेहमी सगळे एकदम पाणी उचलत नाहीत म्हणून भागतं. ज्या वर्षी सगळेच मोटारी लावतात त्या वर्षी बोंब.

आणि स्वॅप म्हणजे २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं आलेलं पाणी. येतं, जीव वाचतो, पण त्याच्यावर ऊस लावता येत नाही.

जुनी_पाटी (छत्रपती संभाजीनगर) – मंगळवार, सकाळी ६.३५

कोरडवाहू, दाखला चांगला आहे, त्यात एक भर घालतो. जायकवाडीचा एकूण साठा २,९०९ दशलक्ष घनमीटर, पैकी ७३८ मृतसाठा. शेतीला तो द्यायचा नाही. अगदीच वेळ आली तर पिण्यासाठी उपसा करायचा. कर्नलमध्ये याला मिन_फ्री_केबाइट्स म्हणतात. तेवढी रॅम सामान्य प्रोग्रॅमला मिळत नाही. नेटवर्क कार्डावर पॅकेट येऊन धडकलं आणि थांबायला वेळच नाही, अशा कामांसाठी ती ठेवलेली असते. काही जण "राखीव जास्त असलेली बरी" म्हणून ही किंमत भरमसाट वाढवतात. मग मृतसाठाच इतका होतो की वर उपयुक्त पाणी उरत नाही.

दाखला मोडतो तो पुढं. पाणी संपलं म्हणून पाटबंधारे खातं सगळ्यात मोठ्या बागायतदाराला ठार मारत नाही. ओओएम किलर (मेमरी संपली की प्रक्रिया मारणारा कर्नलचा भाग) नेमकं तेच करतो. प्रत्येक प्रक्रियेनं रॅम, स्वॅप आणि पेज टेबल (कोणतं पान कुठं आहे त्याची यादी) मिळून किती अडवलंय त्यावरून गुण ठरतात, त्यात ओओएम_स्कोअर_अ‍ॅडज मिळवला जातो (उणे १००० ते १०००), आणि ज्याचे गुण जास्त त्याचा नंबर लागतो. तुमच्या मशीनवर दुपारी सर्वांत फुगलेलं पोस्टग्रेसच असणार.

एक जुनी आठवण. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात फ्रीबीएसडी (लिनक्ससारखीच एक सिस्टम) सांभाळायचो तेव्हा ३२ बिटी इंटेलवर एका प्रक्रियेच्या डेटाची मूळ मर्यादा ५१२ एमबी असे. वाढवायची तर कर्नलच्या कॉन्फिग फाइलीत मॅक्सडीसिझची ओळ घालून अख्खा कर्नल कंपाइल करायचा. संध्याकाळी लावून घरी जायचं, सकाळी येऊन बघायचं की झालं का मध्येच लाइट गेली. पुढं तीच मर्यादा बूटच्या वेळी लोडर.कॉन्फ मधून देता येऊ लागली आणि मजा गेली. त्या काळी पत्त्यांचीच (मेमरीतल्या जागांच्या क्रमांकांची) टंचाई होती: ३२ बिट म्हणजे सगळे मिळून ४ जीबी पत्ते, लिनक्सवर त्यातले साधारण ३ प्रोग्रॅमला, १ कर्नलला. आता ४८ बिटी पत्त्यांवर एकेका प्रक्रियेला १२८ टीबी मिळतात. आता पत्ते पोत्यानं आहेत, म्हणून कुणीही कितीही मागतं.

प्रयोगशाळा_३ (परभणी) – मंगळवार, ११.२०

जुनी पाटी सर, तुमच्या शेवटच्या वाक्यावरून माझं दुखणं सांगतो. आमच्या प्रयोगशाळेत मुलं सी शिकतात. न थांबणाऱ्या लूपमध्ये मॅलोक (मेमरी मागायचं फंक्शन) लिहिलं की मशीन गोठते, माउसही हलत नाही. मी लिमिट्स.कॉन्फ मध्ये "एएस" ची मर्यादा २ जीबी लावली, म्हणजे युलिमिट -व्ही (प्रक्रियेला मर्यादा घालायची आज्ञा) चंच भावंड. मॅलोकवाली मुलं सरळ झाली, पण ब्राउझर उघडेना. आणि चुका शोधायचा अ‍ॅड्रेस सॅनिटायझर लावून कंपाइल केलेला दहा ओळींचा प्रोग्रॅमही सुरू होईना!

उदगीरकरीण (सध्या पुणे) – १२.०५

सर, "एएस" पत्त्यांवर मर्यादा घालतं, रॅमवर नाही. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर ६४ बिटी मशीनवर सावली-मेमरीसाठी (कुठली जागा वापरायला योग्य त्याच्या नोंदीसाठी) टीबींच्या हिशेबात पत्ते अडवून ठेवतो, वापरतो जेमतेम काही एमबी. ब्राउझरचंही तेच. तिथं २ जीबीची मर्यादा म्हणजे दारातून बैलगाडी जात नाही म्हणून बैलालाही बाहेर ठेवणं.

त्याऐवजी "डेटा" मर्यादा वापरून बघा. लिनक्स ४.७ पासून ती फक्त जुन्या पद्धतीच्या हीपला नाही, एममॅपनं (कर्नलकडून थेट जागा मागून) घेतलेल्या खासगी लिहिण्याजोग्या जागेलाही लागू होते, त्यामुळं मॅलोकवाला लूप तिच्यातही अडकतो. आणि युलिमिट -एम (रॅमची मर्यादा) लावून पुण्य मिळवायला जाऊ नका. ती आज्ञा चुपचाप मान्य होते, पण आजच्या कर्नलवर तिचा काडीचा परिणाम नाही.

तरी मूळ अडचण राहतेच. युलिमिट प्रत्येक प्रक्रियेला वेगळं लागतं. पोरानं फोर्कचा (स्वतःची प्रत काढून नवी प्रक्रिया करायचा) लूप लिहिला तर २ जीबीच्या मर्यादेत राहणाऱ्या दोनशे प्रक्रिया होतील. खरा इलाज सीग्रुप (प्रक्रियांच्या अख्ख्या गटाला एकत्र मर्यादा). सिस्टमडीमध्ये (सर्व्हिस सांभाळतं ते) "यूझर-" च्या स्लाइसला (एका यूझरच्या गटाला) एक ड्रॉप-इन फाइल देऊन मेमरीमॅक्स (मेमरीची कमाल) आणि टास्क्समॅक्स (प्रक्रियांची कमाल) लावा, म्हणजे एका विद्यार्थ्याच्या सगळ्या प्रक्रिया मिळून एक कुंपण. पत्ते हवे तेवढे घे म्हणावं, रॅम कुंपणाएवढीच.

आडतखाता दादा, तुमचंही औषध हेच आहे, पण आधी सांगा: पोस्टग्रेसचं वर्क_मेम किती आहे?

आडतखाता – १२.४०

ताई, २५६ एमबी. मागच्या वर्षी रिपोर्ट सावकाश निघायचा म्हणून वाढवलं होतं. फास्ट झाला होता.

उदगीरकरीण – १.१०

सापडला चोर. वर्क_मेम एका कनेक्शनला नसतं, क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्टला आणि हॅशला असतं. दिवसअखेरच्या रिपोर्टात पाच-सहा जॉइन असतील, तीन काउंटरवरून एकदम निघाला, तर करा गुणाकार. हॅशला तर नव्या आवृत्त्यांत वर्क_मेमच्या दुपटीपर्यंत मुभा असते. ते १६ एमबी करा. जो एक रिपोर्ट खरंच जड आहे, त्याच्याच सत्रात तेवढ्यापुरतं वाढवा.

आणि एक पोस्टग्रेस मेलं की सगळे का अडकतात तर: कनेक्शनची प्रक्रिया अशी अचानक मारली गेली की सामायिक मेमरी बिघडली असेल या भीतीनं मुख्य प्रक्रिया बाकी सगळ्यांनाही तोडून नव्यानं उभी राहते. तुमचे काउंटर तेव्हाच थांबतात.

मी असते तर:

शेअर्ड_बफर्स १ जीबी. २५ टक्क्यांचा सल्ला एकट्या पोस्टग्रेसच्या मशीनसाठी असतो, तुमच्याकडं सोबत जावा आणि मुनीमजी दोन्ही आहेत. जावाला एक्सएमएक्स १५०० एमबी, आणि तिच्या सर्व्हिसला मेमरीमॅक्स २२०० एमबी. दोन्ही सारखे ठेवू नका. हीपशिवाय जावाला थ्रेड, क्लास आणि कंपाइल केलेल्या कोडसाठी बरंच वरचं लागतं, नाहीतर हीप भरायच्या आधीच मरेल. स्वॅप ४ जीबी, फाइलच करा. डेस्कटॉपच्या यूझर स्लाइसला मेमरीहाय १२०० एमबी, मेमरीमॅक्स १५०० एमबी. मेमरीहाय ओलांडलं की कर्नल त्या गटाला हळू करतो आणि पानं काढून घेतो, मारत नाही. मेमरीमॅक्सला पोचूनही पानं सुटली नाहीत तर त्या गटातलाच कुणीतरी मारला जातो, शेजारचं पोस्टग्रेस नाही.

पोस्टग्रेसला मात्र घट्ट मेमरीमॅक्स लावू नका. फायलींची कॅशही त्याच्याच खात्यावर धरली जाते, गळा आवळलात तर डिस्क खडखडेल. बरं, एसएसडी खडखडत नाही, पण कळलं ना.

सहजच_आलो (धाराशिव) – २.१५

यापेक्षा ओव्हरकमिट १ करा ना. रेडिस (मेमरीत चालणारा डेटाबेस) सुरू करताना तेच करा म्हणून इशारा येतो.

गोदाकाठचा – २.४४

रेडिसचं कारण वेगळं आहे. डिस्कवर प्रत काढताना ते स्वतःला फोर्क करतं. फोर्कमध्ये पानं लगेच कॉपी होत नाहीत, दोघं एकच पान वाचतात, कुणी लिहिलं तरच त्याची वेगळी प्रत. पण वचनांच्या वहीत ४ जीबीच्या रेडिसचे एकदम ८ होतात. म्हणून त्याला "बघू नकोस, हो म्हण" असा कर्नल हवा असतो. उलट पोस्टग्रेसची कागदपत्रं २ सुचवतात, आणि तेही चूक नाही. वेगळा डेटाबेस सर्व्हर, मुबलक स्वॅप, रेशो हिशेबानं ८० वगैरे लावलेला असेल तर २ उत्तम चालतं. प्रोग्रॅमला मागतानाच "नाही" ऐकू येतं, पोस्टग्रेस ते नीट पचवतं, ती एक क्वेरी पडते आणि बाकी चालू राहतं. एकाच मशीनवर डेस्कटॉप, जावा, डेटाबेस असेल तर नको, कारण "नाही" कुणाच्या वाट्याला येईल ते सांगता येत नाही. दादांच्या वाट्याला बॅशच आलं.

कुणाला २ करायचंच असेल तर अ‍ॅडमिन_रिझर्व्ह_केबाइट्स आधी वाढवा. रूटसाठी राखलेली ही जागा मुळात फार तर ८ एमबी असते. २ वर असताना लॉगिन करून शेल आणि टॉप चालवायला साधारण १२८ एमबी लागतात असं कर्नलच्याच कागदपत्रांत आहे. नाहीतर घराला कुलूप आणि किल्ली आत.

जुगाडू – ३.३०

स्वॅप करणार तर स्वॅपिनेस १० करा, म्हणजे रॅम ९० टक्के भरल्यावरच स्वॅप सुरू होईल. आणि एसएसडी झिजतेच, मी बदलून दिल्यात.

जुनी_पाटी – सायंकाळी ५.०५

स्वॅपिनेस हा टक्का नाही. जागा कमी पडल्यावर फायलींची कॅश टाकायची की प्रोग्रॅमची पानं स्वॅपला पाठवायची, यातलं कोणतं जास्त महाग समजायचं, त्याचा तो काटा आहे. मूळ ६०. पूर्वी कमाल १०० होती, ५.८ कर्नलपासून २००; कारण झेडरॅमसारखी, रॅममध्येच दाबून ठेवलेली स्वॅप डिस्कपेक्षा स्वस्त पडते. या मशीनवर १० ठेवलं तर नुकसान नाही, पण त्याचं कारण तुम्ही सांगता ते नव्हे.

झिजण्याबद्दल: कधीतरी काहीशे एमबी स्वॅपला गेल्यानं आजची एसएसडी संपत नाही. स्वॅप अखंड आत-बाहेर चालू असेल तर एसएसडीच्या आधी तुमचा धीर संपेल, आणि तेव्हा उत्तर रॅम हेच आहे. ८ जीबीची आणखी एक पट्टी लावून मोकळे व्हा, असंही म्हणता आलं असतं.

आडतखाता – ५.२०

सर, शेठजींना पट्टी म्हणलं की शेतकऱ्याचीच आठवते. सीझन झाल्यावर बघू म्हणालेत.

प्रयोगशाळा_३ – बुधवार, दुपारी ४.००

ताई, यूझर स्लाइसवालं लावलं. एका पोराचा लूप त्याच्याच खात्यात मेला, शेजारच्याला कळलंही नाही. ब्राउझर चालतोय, सॅनिटायझरही. मुलांना आता कुंपण फोडायचा नाद लागलाय, तेवढं एक वाढीव काम झालं.

आडतखाता – पुढचा सोमवार, रात्री ९.१५

मंडळी, सांगायचं राहिलं होतं. ताईंनी सांगितलं तसं सगळं केलं. ओव्हरकमिट ०, स्वॅप फाइल ४ जीबी, वर्क_मेम १६, जावा १५००. स्वॅप करताना एक चुकलो होतो: फाइलीचा परवाना ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल असा) केला नव्हता, तेव्हा स्वॅपऑननं तंबी दिली. आणि एफएसटॅबमध्ये (बूटच्या वेळी काय जोडायचं त्या यादीत) ओळ टाकायची राहिली होती, ते शुक्रवारी लाइट गेली आणि यूपीएसनं दम टाकला तेव्हा कळलं. मशीन परत उठली तर स्वॅप गायब. आता टाकली.

आज आवक मोठी होती. दुपारी स्वॅप ३०० एमबीच्या आसपास गेली, पोस्टग्रेस एकदाही पडलं नाही. दिवसअखेरचा रिपोर्ट पूर्वीपेक्षा अर्धा मिनिट जास्त घेतो, चालतंय. आता कमिटलिमिट ८१८८५०४ दिसतंय आणि कमिटेड_एएस त्याच्या बरंच खाली हाय. ० वर असताना ते कुणी अडवत नाही हे माहीत हाय, तरी बघून बरं वाटतं.

एकच तक्रार आली. ब्राउझरचा टॅब दिवसातून तीनदा मरतोय. मुनीमजी म्हणायलेत, भजन ऐन रंगात आलं की बंद पडतंय.

उदगीरकरीण – ९.३०

ब्राउझर स्वतःच्या टॅबचे ओओएम गुण मुद्दाम वाढवून ठेवतो, म्हणून गटात पहिला तोच जातो. बरोबर चाललंय सगळं.

कोरडवाहू – ९.३४

मुनीमजींना एक रेडिओ घेऊन द्या. शेठजींना सांगा, पट्टीपेक्षा स्वस्त पडतो.